बारा गेज की वीस? आधी रात्री घरात कोण चालतं ते बघू

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये, ह्यूस्टनपासून तासाभरावर राहतो. घरात मी, नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि विद्यार्थी व्हिसावर आलेला माझा धाकटा भाऊ. नवरा महिन्यातले दहा-बारा दिवस कामासाठी बाहेरगावी असतो. गेल्या महिन्यात आमच्याच रस्त्यावरच्या एका घरात रात्री दार फोडून चोर शिरले, माणसं आत झोपलेली असताना. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सासूबाई रात्री दोनदा तरी उठतात, त्यांच्या चपलेच्या आवाजानेही छातीत धस्स होतं. शॉटगन घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. नवरा म्हणतो बारा गेज, म्हणजे रविवारी मातीच्या तबकड्या उडवायलाही तीच चालेल. दुकानात सांगितलं, बायकांना फोर-टेन पुरते. एक मैत्रीण म्हणते वीस. माझी उंची पाच फूट एक इंच, मी डावखुरी आहे आणि आजवर बंदूक हातात धरलेली नाही. आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. कोणता गेज घेऊ?

उत्तर:

ताई, वीस गेज घ्या. दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) तुमच्या मापाचा, काडतुसं तीन नंबर बकशॉटची, म्हणजे मोठ्या छर्‍यांची, आणि घरात दुसऱ्या कुठल्याही गेजचं एकही काडतूस नको.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो ते सांगतो. माझं लहानपण सिंधुदुर्गात गेलं. आजोबांकडे काडतुसाची बारा बोरची दुनळी बंदूक होती, भाताच्या दिवसांत रानडुकरं हाकलायला. पंधराव्या वर्षी मी हट्टाने ती मागून घेतली. दस्ता माझ्या हाताला लांब होता, त्यामुळे तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर टेकला. बार काढला आणि क्षणभर हात निखळला असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा. पुढची दोन वर्षं मी त्या बंदुकीजवळ गेलो नाही, आणि नंतर पुन्हा धरली तेव्हा चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटत. ती खोड जायला फार वेळ लागला. इथल्या नेमबाजीच्या रेंजवर गेली कित्येक वर्षं नवख्यांना शिकवताना मी हेच पुन्हा पुन्हा पाहतो. नवरा हौसेने स्वतःची बारा गेज बायकोच्या हातात देतो, तिचा पहिला बार होतो, ती हसून बंदूक परत करते आणि त्यानंतर कधीच येत नाही. ती बंदूक मग कपाटात पडून राहते. वेळ आली तर तीच बाई थरथरत्या हाताने ती काढणार आहे, हा विचार मला अस्वस्थ करतो.

तर गेज म्हणजे काय? आपल्याकडे ज्याला बोर म्हणतात तेच. एक पौंड शिसं घ्या, त्याचे सारख्या आकाराचे बारा गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बारा गेजची. वीस गोळे केले तर गोळा लहान होतो, म्हणून वीस गेजची नळी अरुंद. बाराचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, विसाचा १५.६. फोर-टेन या हिशेबात बसत नाही, तो सरळ इंचातला व्यास आहे, ०.४१० इंच, म्हणजे जेमतेम साडेदहा मिलिमीटर.

आता या नळ्यांतून बाहेर काय पडतं ते बघा. बारा गेजच्या नेहमीच्या पावणेतीन इंची डबल-ओ बकशॉट काडतुसात आठ किंवा नऊ छर्रे असतात, प्रत्येक सुमारे ८.४ मिलिमीटरचा. वीस गेजच्या तीन नंबर बकशॉटमध्ये साधारण वीस छर्रे, प्रत्येक सुमारे ६.४ मिलिमीटरचा. दोन्हीतलं शिसं तीस ग्रॅमच्या आसपासच भरतं. खोलीच्या किंवा बोळाच्या अंतरावर, म्हणजे पाच-सात यार्डांवर, दोन्ही माणसाला थांबवतात. मग मोठ्या नळीचा फायदा कुठे? लांबच्या अंतरावर, आणि काडतुसांच्या निवडीत. बाराला दुकानात शंभर प्रकार मिळतात, विसाला त्याहून बरेच कमी. तुमच्या बेडरूमच्या दारापर्यंतच्या अंतरात हा फरक तुमच्या कामाचा नाही.

फोर-टेनबद्दल मात्र दुकानातल्या माणसाचं ऐकू नका. त्या काडतुसात मोठे छर्रे चार किंवा पाचच मावतात. एक-दोन चुकले तर उरलं काय? शिवाय काडतुसं महाग, म्हणून लोक सराव टाळतात. ज्याचा हात पक्का बसला आहे त्याने फोर-टेन वापरावी. 'बायकांना पुरते' म्हणून नवखीच्या हातात देणं मला पटत नाही.

आणि लहान गेज म्हणजे खेळणं, असंही कुणी समजू नये. ११ फेब्रुवारी २००६ रोजी दक्षिण टेक्सासमध्येच तितरासारख्या क्वेल पक्ष्यांच्या शिकारीत तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या हातून सोबतच्या माणसालाच बार लागला. बंदूक २८ गेजची, म्हणजे विसाहूनही लहान, आणि काडतूस पक्ष्यांच्या बारीक छर्‍यांचं. तोंडावर, मानेवर, छातीवर छर्रे गेले आणि हृदयापाशी रुतलेल्या एका छर्‍यामुळे त्या माणसाला हृदयविकाराचा सौम्य झटका आला. दिवसाउजेडी, मोकळ्या रानात, अनुभवी माणसाच्या हातून. तुमचा प्रसंग आला तर तो मध्यरात्री, अंधारात, झोपेतून उठून येणार आहे.

धक्क्याबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. वीस गेज म्हणजे धक्का कमी, हे अर्धंच खरं. वीस गेजची बंदूक हलकीही असते, आणि बंदूक जितकी हलकी तितका तोच बार खांद्याला जास्त लागतो. सहा पौंडांची वीस गेज पंप बकशॉटने चांगलाच तडाखा देते, तर सात-आठ पौंडांची, गॅसवर चालणारी सेमी-ऑटो, म्हणजे काडतुसाच्याच वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी, बारा गेज त्यामानाने मऊ वाटू शकते. म्हणून पैसे असतील तर वीस गेजची सेमी-ऑटो घ्या. तिला आणखी एक फायदा आहे: पंप बंदुकीत प्रत्येक वेळी बार काढल्यावर पुढची मूठ पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे न्यावी लागते, आणि घाबरलेला माणूस ती अर्धीच ओढतो. मग रिकामं काडतूस आत अडकतं. पंपच घ्यायची असेल तर हा हिसका अंगवळणी पडेपर्यंत रिकाम्या बंदुकीवर, नकली काडतुसं घालून, शेकडो वेळा करावा लागेल.

तुम्ही डावखुऱ्या आहात म्हणून मॉसबर्ग ५०० ही पंप हातात धरून बघा असं सुचवतो. तिची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, वरच्या बाजूला, अंगठ्याखाली असते, डाव्या-उजव्या दोघांनाही सारखीच. १९५० सालापासून घराघरांत असलेली रेमिंग्टन ८७० उत्तम बंदूक आहे, पण तिची सेफ्टी चापामागे आडवी दाबायची असते आणि नेहमीच्या मांडणीत ती उजव्या हाताच्या सोयीची. मॉसबर्गचं बँटम नावाचं लहान दस्त्याचं रूप वीस गेजमध्ये मिळतं. नेहमीचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत सुमारे चौदा इंच असतो; तुमच्या उंचीला साडेबारा ते तेरा इंच लागेल. माप कसं बघायचं? बंदूक रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, ती खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा. अंगठ्याचं मूळ आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. मान पुढे ताणावी लागली किंवा पाठ मागे झुकली तर दस्ता लांब आहे. पिस्तुलासारखी मूठ असलेला दस्ता घेऊ नका, त्यावर हात धरला की मॉसबर्गच्या सेफ्टीपर्यंत अंगठा पोचत नाही.

आता नवऱ्याच्या तबकड्यांबद्दल. त्यांना माझा निरोप द्या, रागावू नका म्हणावं. घरात बारा आणि वीस अशी दोन्ही काडतुसं एकत्र ठेवणं धोक्याचं आहे. वीस गेजचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेलं तर ते चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसायच्या मागच्या खोबणीतून, घसरून पुढे नळी जिथे सुरू होते तिथे अडकतं. चाप ओढला तर नुसता खट् आवाज. माणसाला वाटतं काडतूस फुसकं निघालं की भरायचंच राहिलं, म्हणून तो मागे बाराचं काडतूस घालतो आणि पुन्हा चाप ओढतो. मग नळी फुटते, आणि ती नेमकी पुढचा हात जिथे असतो तिथे फुटते. याच भीतीमुळे वीस गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत पडली. पण अंधारात रंग दिसत नाही, आणि खिशात हात घालून घाईघाईने भरताना तर नाहीच. वीस गेजने तबकड्या छान फुटतात. त्यांनीही वीसच घ्यावी, दस्ता त्यांच्या मापाचा.

काडतुसं तीन नंबर बकशॉटची सांगितली, पण ती तुमच्या भिंतींना जुमानत नाहीत हे लक्षात असू द्या. आपल्या गावच्या चिऱ्याच्या भिंती वेगळ्या. इथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे तक्ते. बकशॉट अशा दोन-तीन भिंती पार करून जातं. पक्ष्यांचे बारीक छर्रे भिंतीत लवकर दमतात हे खरं, पण माणसालाही ते हमखास थांबवत नाहीत, म्हणून तो मार्ग मी सांगत नाही. मार्ग एकच, नळी कुठल्या दिशेला असेल ते आजच ठरवायचं. एखाद्या दुपारी पलंगामागे जमिनीवर बसा आणि दाराकडे हात करून बघा. त्या रेषेत भिंतीपलीकडे काय आहे? मुलीचा पलंग? सासूबाईंची खुर्ची? शेजाऱ्याची खिडकी? तसं असेल तर पलंग हलवा, तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात बसा, पण ती रेषा मोकळी करा.

'शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे पसरतात' असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. ढोबळ हिशेब असा की छर्रे दर यार्डाला सुमारे एक इंच पसरतात, काही काडतुसांत त्याहूनही कमी. सात यार्डांवर ते उघड्या पंजाएवढ्या जागेत जातात. नेम धरावाच लागतो.

आजोबा डुकरांसाठी हवेत बार काढायचे, तसं इथे चुकूनही करू नका. २०१३ साली उपराष्ट्राध्यक्ष असताना जो बायडन यांनी लोकांना दुनळी बंदूक घ्या आणि घराबाहेर दोन बार काढा असा सल्ला दिला होता. तो सल्ला मानू नका. हवेत गेलेलं शिसं कुणाच्या तरी अंगणात उतरतं, कायद्याचा बडगा तुमच्यावर येतो, आणि दुनळी असेल तर ती दोन बारांतच रिकामी होते. पंपाचा खट्-खट् आवाज ऐकून चोर पळतो हीही ऐकीव गोष्ट. पळाला तर देवाची कृपा, पण त्यावर बेत आखायचा नाही.

तुमच्या भावाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मला बोललंच पाहिजे. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे थोडे अपवाद आहेत, तेवढेच. एच-वन-बी आणि एच-फोर व्हिसालाही हेच लागू आहे, आणि आपल्या कितीतरी मराठी घरांना हे ठाऊक नसतं. ग्रीन कार्डवाल्यांना बंदी नाही, म्हणून तुम्ही दोघं घेऊ शकता. पण बंदूक ठेवायच्या पेटीच्या कुलपाचा आकडा भावाला माहीत असणं, 'जरा धर रे' म्हणून बंदूक त्याच्या हातात देणं, मी नसताना तू बघ असं सांगणं, यातलं काहीही नको. त्याचं शिक्षण आणि इथलं राहणं, दोन्ही त्यात जाऊ शकतं. खरेदीच्या आधी एखाद्या वकिलाला तासाभराची फी देऊन हे आणि टेक्सासचा स्वसंरक्षणाचा कायदा नीट विचारून घ्या.

मुलगी नऊ वर्षांची. टेक्सासच्या कायद्यात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हा पालकाचा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. नऊ वर्षांचं पोर कपाटावरच्या दिवाळीच्या चकल्या शोधतं, ते बंदूकही शोधतं. भिंतीला किंवा जमिनीला पक्की बोल्ट केलेली, आकडे दाबून चटकन उघडणारी पेटी बंदुकीइतकीच आवश्यक समजा आणि बंदुकीच्या आधी बसवून घ्या. आकडा तुम्हा दोघांनाच ठाऊक. आत बंदूक ठेवताना काडतुसं नळीखालच्या साठवणीच्या नळीत, चेंबर रिकामं. पुष्कळशा शॉटगनमध्ये सेफ्टी फक्त चाप अडवते, बंदूक पडली तर आतला घोडा सुटू शकतो. चेंबर रिकामं असेल तर ती भीती उरत नाही.

आणि आता सासूबाई. तुमच्या पत्रातली ती एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. रात्री दोनदा उठणारी, चपला फरफटवत पाण्याला जाणारी बाई तुमच्या घरात रोज असते. चोर कदाचित कधीच येणार नाही. बोळात रात्रभर जळणारा लहानसा दिवा लावा. सासूबाईंना सांगा, उठलं की 'मी गं' एवढं म्हणायचं, आणि तुम्ही जाग्या असाल तर 'हो आई' म्हणायचं. आठवडाभरात दोघींना सवय होईल. त्यांच्या खोलीत पाण्याचा तांब्या ठेवा. दाराच्या चौकटीतल्या कुलपाच्या पट्टीला बहुधा पाऊण इंची स्क्रू असतात, ते काढून तीन इंची लावा, म्हणजे ते आतल्या जाड लाकडात रुततील आणि लाथेने दार उघडणं फार अवघड होईल. हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि गेजच्या निवडीपेक्षा तुमची झोप त्याने लवकर परत येईल.

आवाज आला तर बंदूक घेऊन घरभर शोधत फिरू नका. मुलगी आणि सासूबाई तुमच्या खोलीत, भाऊही तिथेच, दार बंद, ९११ ला फोन लावून चालू ठेवलेला. कोण कुणाला आणणार ते आधी ठरवा आणि दिवसा दोनदा करून बघा, मुलीला खेळ म्हणून सांगा. हे सगळे आत आल्यावरच पेटी उघडायची. खोलीचा दिवा लावा किंवा हातात टॉर्च ठेवा. बंदुकीला लावलेल्या दिव्याने माणूस शोधायचा म्हणजे नळी आधी त्याच्यावर रोखायची, आणि तो माणूस पाण्याला उठलेला आपला असू शकतो. कोण आहे ते स्पष्ट दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये.

खरेदीआधी रेंजवर भाड्याने बंदुका मिळतात, तिथे वीस गेजची पंप आणि सेमी-ऑटो दोन्ही चालवून बघा. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही लावा. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एकाच बाराने कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. पहिल्या दिवशी हलक्या बर्डशॉटने, म्हणजे पक्ष्यांच्या बारीक छर्‍यांनी, सुरुवात करा, बकशॉटचे दोन-तीनच बार शेवटी. कोणता डोळा प्रबळ आहे ते शिकवणाऱ्याकडून तपासून घ्या. डावखुऱ्या माणसाचा उजवा डोळा प्रबळ निघाला तर कोणत्या खांद्याला लावायची हे नव्याने ठरवावं लागतं. खांदा दुखायला लागला की थांबा, पंचवीस बार झाले नसले तरी. नवऱ्याला सोबत न्या, पण सूचना एकट्या शिकवणाऱ्यानेच द्याव्यात.

काडतुसं मोजून न्या आणि घरी आल्यावर पुन्हा मोजा, मुलीच्या हाती एखादं गाडीच्या सीटखाली सापडायला नको. आजोबा शेतावरून परतले की ओटीवर बसून आधी खिशातली काडतुसं एक-एक करून घोंगडीवर मांडत, मोजत, आणि मगच आजी पाय धुवायला पाणी आणून देई.